ट्रेनिंग झाले, उत्पादन का वाढले नाही? : वाचकांचे प्रश्न, कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यातून

कामगारांचे कौशल्य आणि कारखान्याचे उत्पादन या विषयावर आलेल्या पत्रांपैकी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर आणि इचलकरंजीतून आलेली काही पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत, नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे सहा सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ आणि चार व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन) आहेत. बाहेरून ट्रेनर बोलावून सगळ्यांचे दोन दिवसांचे ट्रेनिंग केले. खर्च झाला, फोटो निघाले, पण शिफ्टचा आकडा जागचा हलला नाही. पोरांना शिकायचेच नाही की आमचे काही चुकते? (मशीनशॉपमालक, शिरोली)

उत्तर : पोरांवर जाऊ नका. तूट कुठे आहे हे न बघता ट्रेनिंग लावले, गडबड तिथे आहे. दोन दिवसांत दहा विषय उरकले की एकही हाताला लागत नाही, हे वेगळेच.

आधी एका मशीनवर आठवडाभर कागद लावा. मशीन थांबले की वेळ आणि कारण, चालू झाले की पुन्हा वेळ. लिहायचे ऑपरेटरनेच, पण कारणे तुम्ही ठरवून द्या : सेटिंग, टूल बदल, पहिल्या नगाची तपासणी, माल नाही, बिघाड, माणूस नाही. ‘इतर’ हा रकाना ठेवू नका. ठेवला की आठवड्याअखेर सगळा वेळ त्यातच सापडतो. आणि या कागदावरून कोणाला बोलणी बसणार नाहीत हे पहिल्या दिवशीच सांगा, नाहीतर आकडे गोड येतील.

मग हिशेब मांडा. समजा शिफ्ट ४८० मिनिटांची, चहा-जेवणाची ३० वजा जाता ४५० उरली. दिवसात दोन सेटिंग, प्रत्येकी ७० मिनिटे, म्हणजे १४० गेली. बिघाडात २० गेली. मशीन प्रत्यक्ष चालले २९० मिनिटे. सायकल टाइम (एका नगाचा वेळ) ४ मिनिटांचा, नग निघाले ६५, त्यातले चांगले ६२. चांगल्या नगांचा वेळ २४८ मिनिटे, भागिले ४५० : ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता) ५५ टक्के. आता यात ऑपरेटर ‘हळू’ आहे म्हणून किती गेले? २९० पैकी जेमतेम ३०. सेटिंगने मात्र १४० खाल्ली. अशा ठिकाणी ‘मोटिव्हेशन’चे ट्रेनिंग लावून काय होणार?

सेटिंगची ७० मिनिटे मोबाइलवर चित्रित करून, त्या ऑपरेटरला शेजारी बसवून बघा. साधारण असे वाटप दिसेल : ड्रॉइंग आणि प्रोग्रॅम शोधणे ८, जॉज (नग धरणारे चकचे जबडे) आणून बसवणे १२, सॉफ्ट जॉज (नगाच्या मापाला खोदायचे मऊ जबडे) बोअर करणे १५, टूल बसवून ऑफसेट (टूलच्या मापाचा आकडा) घेणे १७, पहिला नग काढणे ६, तो क्वालिटीकडे नेऊन ‘ओके’ची वाट बघणे १२. जपानचे शिगेओ शिंगो यांनी रूढ केलेली रीत इथे सरळ लागू होते : मशीन चालू असताना होण्याजोगे काम मशीन बंद ठेवून करायचे नाही. पुढच्या जॉबचे ड्रॉइंग, प्रोग्रॅम, जॉज, इन्सर्ट (धातू कापणारी टिकली) लावलेले टूल आणि गेज आधीचा जॉब संपायच्या अर्धा तास आधी ट्रॉलीवर हजर हवेत. सॉफ्ट जॉजवर जॉब नंबर आणि १-२-३ ठोकून संच जपून ठेवा, म्हणजे दर वेळी नव्याने खोदावे लागत नाहीत, हलका कट पुरतो. पहिल्या नगासाठी क्वालिटीच्या माणसाला दहा मिनिटे आधी कळवा. एवढ्यावर ७० ची ४० होतात. दोन सेटिंगमागे तास वाचतो, म्हणजे सध्याच्या वेगानेच १३ नग जास्त.

यातून ट्रेनिंगचे विषय आपोआप निघतात आणि ते अगदी बारीक असतात. एक म्हणजे सॉफ्ट जॉज बोअर करताना रिंग धरणे आणि चकचा दाब जॉबच्या दाबाइतकाच ठेवणे. दाब वेगळा राहिला तर जॉज वेगळे वाकतात आणि रनआउट येतो, म्हणजे नग फिरताना डगमगतो. दुसरा विषय वेअर ऑफसेटचा, म्हणजे टूलच्या झिजेसाठी टाकायच्या आकड्याचा. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर ‘इनपुट’ दाबले की जुना आकडा पुसून नवा बसतो, ‘प्लस इनपुट’ दाबले की जुन्यात भर पडते. आधी ऑफसेट उणे ०.१२० आहे आणि व्यास आणखी ०.०३० ने कमी करायचा आहे. पोराने उणे ०.०३० टाकून ‘इनपुट’ दाबले, तर पुढचा नग कमी होण्याऐवजी ०.०९० ने मोठा येतो. मग घाबरून तो उलटसुलट आकडे टाकत बसतो आणि स्क्रॅप वाढतो. ही एक गोष्ट १५ मिनिटांत मशीनवर शिकवता येते. वर्गात ती दोन तास सांगूनही राहत नाही.

शिकवण्याची रीत : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी कारखान्यांत नव्या भरतीसाठी चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली, ती आजही तितकीच चालते. माणसाला आधी काय येते ते विचारा. मग तीनदा करून दाखवा, पहिल्यांदा नुसत्या पायऱ्या, दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीतली खुबी, तिसऱ्यांदा ती खुबी कशासाठी. मग त्याच्याकडून करवून घ्या आणि ‘का’ ते त्याच्याच तोंडून वदवा. शेवटी एकटे सोडा, पण पहिल्या दिवशी तासाला, नंतर दिवसाला बघून जा. चौथी पायरी आपल्याकडे सर्रास गाळली जाते. ‘सांगितले होते की!’ हे वाक्य तिथेच जन्मते.

भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स (कोणाला काय येते याचा तक्ता) ऑडिटसाठी रंगवू नका. कामगाराच्या नावासमोरचा चार भागांचा गोल पूर्ण करायचा तो सलग तीन सेटिंग कोणाच्या मदतीशिवाय आणि पहिला नग पास होऊन झाल्यावरच.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या) आणि सँड इन्क्लूजनने (आत अडकलेल्या वाळूने) रिजेक्शन वाढले आहे. मोल्डिंगवरची बहुतेक मुले बिहार-ओडिशाची, दर चार महिन्यांनी चेहरे बदलतात. मराठीतले फलक त्यांना वाचता येत नाहीत. किती जणांना आणि किती वेळा शिकवायचे? (सुपरवायझर, गोकुळ शिरगाव)

उत्तर : सगळ्यांना शिकवायला निघू नका. तुम्ही लिहिलेल्या दोन दोषांची किल्ली मुख्यतः दोन जागांवर आहे : मलर (वाळू मळणारे यंत्र) चालवणारा आणि लॅडल (वितळलेल्या लोखंडाचे भांडे) ओतणारा. या दोन जागा टिकाऊ माणसांकडे द्या, त्यांना चार पैसे जास्त द्या आणि शिकवण्याची सगळी ताकद तिथे लावा.

मलरवाल्याला समजायला हवे की पाणी अंदाजाने वाढवायचे नसते. ग्रीन सँडला (साच्याच्या ओल्या वाळूला) ओलावा साधारण ३ ते ४ टक्के आणि कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते ते) ३८ ते ४५ च्या आत लागते. तुमच्या पॅटर्नला नेमकी कोणती कडा मानवते ते तुमच्याच नोंदी सांगतील. दुपारनंतर परतीची वाळू गरम येते. ती ५० अंशांच्या वर गेली की मलरमध्ये टाकलेले पाणी मोल्ड बंद होईपर्यंत उडून जाते, वाळू पॅटर्नला चिकटते, कडा ढासळतात आणि सँड इन्क्लूजन येते. ते बघून मलरवाला पाणी वाढवतो. मग ओलावा जास्त झाला की वायू सुटायला वाट राहत नाही, ब्लोहोल येतात. म्हणजे तुमचे दोन्ही दोष एकाच दुपारचे असण्याची शक्यता मोठी. रिजेक्शन तासवार मांडून बघा. दुपारी चढत असेल तर उपाय वाळू थंड करण्यात आणि ढीग फिरवण्यात आहे, मोल्डरच्या ट्रेनिंगमध्ये नाही.

ओतणाऱ्यासाठी तीन गोष्टी : लॅडल लाल होईपर्यंत तापवलेली, ओतण्याचे तापमान दर लॅडलला मोजलेले, आणि इनॉक्युलंट (रसात शेवटी टाकायची मिश्रधातूची भुकटी) टाकल्यापासून ओतणे संपेपर्यंतचा वेळ. ग्रे आयर्नला वजनाच्या ०.२ ते ०.३ टक्के इनॉक्युलंट धरले तर ५०० किलोच्या लॅडलला एक ते दीड किलो होते. मुठीने टाकू देऊ नका, तोलून पुड्या बांधून ठेवा. त्याचा असर दहा-बारा मिनिटांत ओसरतो. शेवटच्या साच्यांना थंडावलेला, असर गेलेला रस मिळाला की कडा कडक येतात, आणि त्या कडांवर मशीनशॉपमध्ये इन्सर्ट तुटतो तेव्हा बोल सीएनसीवाल्याला बसतो. लॅडलजवळ मोठे घड्याळ लावा, दहा मिनिटे झाली की उरलेला रस पिग करा, म्हणजे साच्यात न ओतता लाद्या ओता. हा नियम सुपरवायझरने स्वतः मोडला नाही तरच टिकतो.

भाषेचे म्हणाल तर फलक काढून टाका. खराब कास्टिंग कापून, दोषाभोवती पिवळा रंग मारून फळ्यावर टांगा. शेजारी त्याच दोषाचे कारण वस्तूनेच दाखवा : ओली वाळू, थंड रस, तुटका कोअर. मीटरवर हिरवी-लाल पट्टी चिकटवा. नव्या मुलाला पहिल्या दिवशी या फळ्यासमोर हिंदीतून वीस मिनिटे उभे करा, एवढे पुरे.

प्रश्न : साधे माग काढून आठ रेपियर (धोट्याशिवाय चालणारे माग) घेतले. जुना कामगार तीस वर्षांचा अनुभवी, पण नव्या मागावर उत्पादन ६० टक्क्यांच्या वर जात नाही. नवीन शिकलेली पोरे आणावीत काय? (यंत्रमागधारक, इचलकरंजी)

उत्तर : आणण्यापूर्वी थांबे मोजा. रेपियर मिनिटाला ४५० पिके (आडवे धागे) या वेगाने आठ तास चालला तर २ लाख १६ हजार पिके होतात, आठ मागांचे १७ लाखांच्या पुढे. लाख पिकांमागे ४ थांबे असतील तर शिफ्टला ६९ थांबे. जाणे, धागा शोधणे, गाठ मारणे, माग सोडणे यांना सरासरी दीड मिनिट धरले तर १०४ मिनिटे. एक माणूस हे आरामात सांभाळतो. तेच थांबे लाखाला १२ असले तर २०७ होतात, त्यांना ३११ मिनिटे लागतात. शिफ्ट ४८० ची. वरवर बघता जमेल असे वाटते, पण एक माग बांधताना दुसरे दोन थांबलेले असतात, त्यांचा वाट बघण्याचा वेळ या हिशेबात नाहीच. शिवाय बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) बदल आणि बिघाड वेगळे. इथे विशीतला पोरगा आणा नाहीतर तीस वर्षांचा जुना, उत्पादन तेवढेच राहणार.

म्हणून थांबे ताण्याचे (उभ्या धाग्याचे) किती आणि बाण्याचे (आडव्या धाग्याचे) किती ते तीन दिवस लिहा. मागाच्या पॅनेलवर दोन्हींचा वेगळा आकडा असतो, तो बघायची सवय मात्र कोणाला नसते. ताण्याचे थांबे जास्त असतील तर दोष बहुधा मागावर नाही, सायझिंगमध्ये (धाग्याला खळ लावण्यात) आहे. खळ कमी बसली, बीम जास्त सुकवले म्हणून धागा ठिसूळ झाला, कमी सुकवले म्हणून तारा एकमेकींना चिकटल्या, किंवा सुटलेली तार तशीच गुंडाळली. सुती बीमवर ओलावा साधारण ७ ते ९ टक्के हवा. शेडमधली हवाही बघा, सुती मालाला ७५ ते ८० टक्के आर्द्रता लागते. उन्हाळ्यात दारे उघडी टाकून पंखे लावले की दुपारी तुटी वाढणारच. ज्या सायझिंगचे बीम खराब येतात त्यांना तुटींच्या नोंदी दाखवा. भांडण करण्यापेक्षा कागद जास्त बोलतो.

बाण्याचे थांबे जास्त असले, तर मग जॉबरला (माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला) शिकवा. अ‍ॅक्युम्युलेटरचा (आडवा धागा साठवून पुरवणाऱ्या भागाचा) ताण, ग्रिपरची (धागा नेणाऱ्या चिमट्याची) झीज, दोन्ही ग्रिपरची १८० अंशांच्या आसपास होणारी देवाणघेवाण, लेनो किनार (कापडाची गुंफलेली कड) : एवढ्या चार गोष्टींवर बहुतेक थांबे येतात. साध्या मागावर धोट्याचा आवाज ऐकून दोष ओळखणारा जॉबर इथे सुरुवातीला बावरतो, कारण दोष पॅनेलवर इंग्रजीत येतो. वारंवार येणारे वीसेक संदेश मराठी-हिंदीत लिहून प्रत्येक पॅनेलला चिकटवा. दोन आठवड्यांत तो कागद बघणे सोडतो. ताण्याच्या ताणाची हाताला असलेली त्याची जाण मात्र नव्या पोराला यायला वर्षे जातात, ती फुकट घालवू नका.

आणि मजुरी. तुमच्याकडे पिकावर किंवा मीटरवर मजुरी असेल, तर शिकण्याच्या महिन्यात कामगाराचे पैसे कमी होतात. मग तो शिकण्यापेक्षा माग रेटण्यावर भर देतो आणि चुकीची सवय पक्की होते. मागच्या तीन महिन्यांची सरासरी मजुरी दोन महिने हमीने द्या. याचा खर्च एका खराब तागा-गठ्ठ्याच्या कपातीपेक्षा जास्त येईल असे वाटत नाही.

प्रश्न : वय ४६. अकरा वर्षे लेथ चालवतो. शिक्षण नववीपर्यंत. व्हर्नियर येतो, ड्रॉइंग नीट कळत नाही, म्हणून सेटर होता येत नाही. आता या वयात काय शिकू आणि सर्टिफिकेट कुठून मिळेल? (कामगार, उद्यमनगर)

उत्तर : वयाचा काही अडसर नाही, क्रम मात्र नीट धरा. रोज अर्धा तास, आठ आठवडे. पहिले तीन आठवडे फक्त दृश्ये. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, म्हणजे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. हातात तयार नग घ्या, ड्रॉइंग झाका, तिन्ही बाजू कागदावर काढा, मग पडताळा. उलटे, म्हणजे ड्रॉइंग बघून नग मनात उभा करणे, नंतर.

पुढचे तीन आठवडे टॉलरन्स. २५ एच-७ असे लिहिले तर बोअर २५.००० ते २५.०२१ च्या आत हवा. हा पट्टा २१ मायक्रॉनचा. तुमच्या व्हर्नियरची लघुत्तम मोजणी ०.०२, म्हणजे २० मायक्रॉन. पट्टा आणि एक घर जवळजवळ सारखेच, मग व्हर्नियरने ‘ओके’ म्हणणे म्हणजे चिठ्ठी टाकणे. इथे प्लग गेज किंवा बोअर गेजच लागतो. दुसरे, गरम नग मोजू नका. पोलाद मीटरला अंशामागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन फुगते. शंभर मिमीचा नग दहा अंशांनी गरम असेल तर तो साडेअकरा मायक्रॉन मोठा दिसतो, आणि थंड झाल्यावर कमी भरतो. मे महिन्यात संध्याकाळी पास झालेला माल सकाळी रिजेक्ट होतो तो यामुळेही. शेवटचे दोन आठवडे चिन्हांचे : समांतरता, लंबता, रनआउट, समकेंद्रता, पोझिशन. पाच पुरेत.

कागदाचे दोन मार्ग. ‘पूर्वज्ञानाची मान्यता’, बोलीत आरपीएल, यात आधीच येत असलेल्या कामाची चाचणी होऊन सर्टिफिकेट मिळते. हे जलद, पण त्यावरचा एनएसक्यूएफ (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा) स्तर आणि काम नेमके कोणते लिहिले आहे ते आधी पाहा. हेल्परच्या कामाचे सर्टिफिकेट सेटरला उपयोगाचे नाही. दुसरा मार्ग लांबचा : एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) दहावी. पाच विषय, नोंदणी पाच वर्षे चालते, एकेक विषय सोडवता येतो. पुढे आयटीआय किंवा पदोन्नतीचे दार त्याने उघडते. दोन्हींसाठी मालकाकडून अनुभवाचा दाखला आजच घ्या, त्यात तारखा, मशीनचा प्रकार आणि प्रत्यक्ष काम लिहून घ्या. ‘कामगार म्हणून कार्यरत’ एवढ्यावर काही होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे कंत्राटी धरून १२० माणसे. अप्रेंटिस किती घ्यावे लागतात? (एचआर, कागल)

उत्तर : १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालील २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला बंधनकारक, प्रमाण अडीच ते पंधरा टक्के, कंत्राटी धरून. म्हणजे तुम्हाला किमान ३, जास्तीत जास्त १८. करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवल्याशिवाय मुलगा मशीनवर घालू नका. नोंद नसेल तर तो अप्रेंटिस ठरवणे अवघड होते आणि मग पीएफ-ईएसआयपासून सगळे प्रश्न उभे राहतात. २०१९ मध्ये किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५ ते ९ हजार ठरले होते, करार करताना त्या दिवशीचा दर पाहून घ्या. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत सरकार विहित विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये उचलते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अप्रेंटिसला वर्षभर डिबरिंगवर (कडांचे बारीक काटे घासण्यावर) किंवा पॅकिंगवर ठेवणे. स्वस्त हात मिळाला असे वाटते, पण वर्षअखेर त्याला काही येत नाही आणि तुम्हाला सेटर मिळत नाही. तीन महिन्यांनी जागा बदलण्याचा तक्ता कराराबरोबरच लावा आणि प्रत्येकाला एक नावानिशी मिस्त्री द्या.

प्रश्न : शिकवले की पोरगा शेजारच्या शेडमध्ये हजार रुपये जास्तीवर जातो. शिकवायचे कशाला? (मशीनशॉपमालक, शिरोली)

उत्तर : मूळ सर्टिफिकेट अडकवून ठेवणे, दोन वर्षांचा बाँड लिहून घेणे हे उपाय पत्रात सुचवले आहेत, ते करू नका. माणूस थांबत नाही, चांगली पोरे तुमच्याकडे यायची मात्र थांबतात. पगाराच्या पायऱ्या कौशल्याला बांधा आणि फळ्यावर लिहा : एक मशीन स्वतंत्र चालवणे, स्वतः सेटिंग करणे, दुसऱ्या कंट्रोलवर सेटिंग, दुसऱ्याला शिकवणे. प्रत्येक पायरीचे पैसे आधी जाहीर, आणि पायरी गाठली की पुढच्याच महिन्यात वाढ. दिवाळीपर्यंत थांबवले की तो दिवाळीआधीच जातो. ट्रेनिंग शिफ्टमध्येच घ्या. शिफ्टनंतर थांबवायचे तर कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दर लागतो, फुकट बसवले तर ते मनापासून शिकत नाहीत.

शेजारी माणसे ओढतात ही तक्रार शेजारीही करत असतात. आठ-दहा शेडनी मिळून एक अनुभवी सेटर ट्रेनर म्हणून ठेवावा, प्रत्येकाकडे आठवड्याला अर्धा दिवस. स्मॅक (शिरोली), गोशिमा (गोकुळ शिरगाव), मॅक (कागल) या उद्योजक संघटनांच्या बैठकीत हा विषय मांडा. ट्रेनरचा पगार वाटून घ्यायचा आणि सगळ्यांनी कौशल्य-पगाराच्या त्याच चार पायऱ्यांचा तक्ता वापरायचा. पहिल्या सहा महिन्यांत एकच मोजमाप ठेवा : प्रत्येक शेडमधल्या एका ठरलेल्या जॉबची सेटिंगची मिनिटे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती मोजायची आणि ज्याची उतरली नाहीत त्याच्याकडे ट्रेनरने पुढच्या महिन्यात आधी जायचे.